टेली लेन्सची सोयरीक

छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबऱ्याच्या कारंज्यांच्या रांगेशी एक माणूस उभा आहे आणि त्याच्या मागे दीडशे मीटरवर मकबरा आहे, असे धरा. ३५ मिलिमीटरची लेन्स लावून तीन मीटरवरून त्याचा पूर्ण उभा फोटो काढला तर माणूस नीट येतो, पण घुमट मागे कुठेतरी लहानसा राहतो. आता २०० मिलिमीटरची लेन्स लावायची आणि सतरा मीटरवर जायचे. फ्रेममधला माणूस तेवढाच राहतो, घुमट मात्र पाचपट मोठा होऊन त्याच्या खांद्यामागे येतो. शहरातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांना हे पाठ आहे. ‘टेली लाव आणि मागे जा’ एवढेच ते शिकाऊ पोराला सांगतात.

या सांगण्यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. घुमट मोठा केला तो सतरा मीटरच्या अंतराने. इतक्या लांबून माणूस फ्रेमभर घेता आला, एवढेच लेन्सचे काम. चेहऱ्यालाही हाच नियम लागू आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर असते. मोबाइल ४० सेंटिमीटरवर धरून सेल्फी काढली तर कानाच्या मानाने नाक तीस टक्के मोठे उमटते. दोन मीटरवरून काढले तर हा फरक सहा टक्क्यांवर येतो, आणि समोरासमोर बसून बोलताना ओळखीचा चेहरा आपल्याला जसा दिसतो तसा फोटोत येतो. ‘माझा फोटो चांगला येत नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचा फोटो आजवर फक्त फार जवळून काढला गेला आहे. मला हे मनापासून वाटते.

आज चेहऱ्यासाठी जी लांब लेन्स वापरतात ती दोन वेगळ्या घराण्यांच्या सोयरिकीतून आली. एक घराणे उजेडाच्या टंचाईतून निघाले, दुसरे दुर्बिणीतून.

पहिल्याची सुरुवात व्हिएन्नातली. १८३९ मध्ये डॅगेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा तिच्यात इमारतींचे फोटो उत्तम येत, माणसांचे जवळजवळ येतच नसत. तेव्हाची लेन्स एफ १६ च्या आसपासची, इतकी अंधारी की भर उन्हातही काही मिनिटे निश्चल बसावे लागे. व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी हा प्रश्न कागदावर सोडवायला घेतला. भिंगामागून भिंग करून बघण्याऐवजी किरणांचा मार्ग आधी गणिताने ठरवायचा, ही त्यांची रीत. आकडेमोड प्रचंड होती, म्हणून आर्चड्यूक लुडविगने तोफखान्यातली हिशेब जाणणारी माणसे त्यांच्या हाताखाली दिली. तोफगोळ्यांचे मार्ग काढणारी ही माणसे मग उजेडाचे मार्ग काढू लागली. १८४० मध्ये फॉइक्टलेंडर यांच्या कारखान्याने ती लेन्स घडवली. एफ ३.६, म्हणजे जुनीच्या सुमारे वीसपट उजेड. फोटोसाठी बसण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांत आला.

पेट्झव्हालच्या लेन्समध्ये मधला भाग सुईसारखा स्पष्ट येई आणि कडेला चित्र विरघळत जाई. गणिताच्या दृष्टीने हा दोष होता. पण मध्ये चेहरा असला की त्याच दोषामुळे नजर चेहऱ्यावर राहायची, आणि लोकांना ते आवडले. मागचे धूसर हवे, ही आजच्या लग्नाच्या अल्बमातली हौस तिथून सुरू होते.

आपल्या भागात त्या काळात कॅमेरा मुख्यतः दगडाकडे रोखलेला होता. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आला आणि पुढे फोटोकडे वळला. दोन लेन्स शेजारी शेजारी असलेल्या स्टिरिओ कॅमेऱ्याने त्याने काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आले. लेण्याच्या आत मागे सरकायला जागा नसते, तिथे लांब लेन्स कामाचीच नाही. पुढे लाला दीनदयाळ निजामाच्या मुलखातल्या वास्तूंचे फोटो काढत तेव्हाच्या औरंगाबादेत आले. मकबऱ्याचे त्यांनी काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. दीनदयाळ माणसांच्या फोटोंतही तितकेच मोठे. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिला. समोरच्या माणसाला अवघडल्यासारखे वाटत असेल तर काचेचा काही उपयोग नाही, हे त्यांना पक्के कळले होते.

दुसरे घराणे याच सुमाराला जन्मत होते. १८९१ मध्ये इंग्लंडात थॉमस डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे व आडोल्फ श्टाइनहाइल या तिघांनी स्वतंत्रपणे, काही आठवड्यांच्या अंतराने टेलिफोटो लेन्स पुढे आणल्या. युक्ती गॅलिलिओच्या दुर्बिणीतली होती: पुढे बहिर्गोल भिंग, मागे अंतर्गोल. मागचे भिंग किरणांना लवकर एकत्र येऊ देत नाही, त्यामुळे प्रतिमा मोठी होते आणि नळकांडे मात्र नाभीय अंतरापेक्षा आखूड राहते. दूरचे डोंगर, उंच शिखरावरची कोरीव मूर्ती, हे त्या लेन्सचे विषय. चेहऱ्याच्या कामाची ती नव्हती, कारण प्रतिमा चौपट मोठी केली की उजेड सोळाव्या हिश्श्यावर येतो. पेट्झव्हालने मिळवलेले सगळे पुन्हा गेले.

तरीही पाचच वर्षांत दोन्ही घराणी एकत्र आली. जॉन बर्गहाइम हा चित्रकार डालमायरकडे गेला. सुरकुती न् सुरकुती मोजून दाखवणारे फोटो त्याला नको होते. १८९६ च्या सुमारास डालमायरने त्याच्यासाठी चेहऱ्याची टेलिफोटो बनवली: पुढे एक भिंग, मागे एक, दोन्ही मुद्दाम दोष न काढलेले, आणि त्यांच्यातले अंतर बदलले की लेन्स लांब-आखूड होणारी. आजच्या ‘सत्तर-दोनशे’ झूम लेन्सची मला ही खरी आजी वाटते.

पुढे कॅमेरे लहान झाले, फिल्म वेगवान झाली, आणि लांब लेन्स हातात धरता येऊ लागली. १९५० मध्ये तोक्योत जुन मिकी या तरुण फोटोग्राफरने ‘लाइफ’ साप्ताहिकाचे फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन यांचा एक फोटो सहज काढला. लेन्स होती निप्पॉन कोगाकु या जपानी कंपनीची ८५ मिलिमीटर, एफ २. स्वतःच्याच चेहऱ्याचा तो फोटो पाहून डंकन थेट कारखान्यात गेले, आणि त्याच वर्षी कोरियाच्या युद्धात जपानी लेन्स घेऊन उतरले. जपानी काचेला जगात मान मिळण्याची सुरुवात अशी एका पोर्ट्रेटने झाली. आज इथल्या फोटोग्राफरांच्या बॅगांतल्या लेन्स बहुतेक जपानी कंपन्यांच्या असतात, त्याच्या मुळाशी ही घटना आहे.

नंतर झूम आले, मग स्थिरीकरण. कॅननच्या ७०-२०० एफ २.८ ला ते २००१ मध्ये मिळाले. दीड किलोची ती लेन्स मंगल कार्यालयात दिवसभर गळ्यात घेऊन फिरणाऱ्यांची मान आणि मनगट काय सोसते ते त्यांनाच विचारावे.

आता निवडीचे. दुकानात गेलेला माणूस आधी मागचा ब्लर विचारतो. त्यासाठी एक साधा हिशेब पुरतो: नाभीय अंतराला एफ आकड्याने भागा. ५० एफ १.८ चे उत्तर २८ मिलिमीटर, ८५ एफ १.८ चे ४७, १३५ एफ २ चे जवळपास ६८, आणि २०० एफ २.८ चे ७१. खूप दूरचा मागचा दिवा फोटोत चेहऱ्याशेजारी त्या उत्तराएवढ्या रुंदीची चकती होऊन उमटतो. म्हणजे २०० एफ २.८ वर लॉनमधल्या माळेतला एकेक लांबचा दिवा सात सेंटिमीटरपर्यंत फुलतो, जवळजवळ अर्ध्या चेहऱ्याएवढा. ८५ वर पावणेपाच सेंटिमीटर, आणि माझ्या मते तेवढा पुष्कळ झाला.

जागेचा विचार याहून मोठा. छातीपर्यंतच्या उभ्या फोटोसाठी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ ला दोन मीटर लागतात, १३५ ला सव्वातीन, २०० ला पावणेपाच. कार्यालयाच्या स्टेजवर पावणेपाच मीटर मोकळे कधीच मिळत नाहीत. अंतरपाट धरलेला असताना भोवती करवल्या, मामा, अक्षता घेतलेली गर्दी असते. तिथे ८५ सुद्धा कष्टाने चालते. पाठवणीला मात्र २०० हवीच. आई आणि मुलगी गळ्यात गळा घालून रडत असताना मध्ये कॅमेरा घेऊन घुसणे मला क्रूर वाटते. पाच-सात मीटर दूर राहिले की त्यांचा क्षण त्यांचाच राहतो. पण ज्यांनी आपल्याला बोलावलेले नाही अशांवर, मकबऱ्याच्या बागेत बसलेल्या अनोळखी कुटुंबावर, हीच लेन्स रोखू नये. तिथे पुढे जाऊन विचारावे.

मराठवाड्यातली एक अडचण कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. एप्रिल-मे मध्ये दहानंतर फरशी तापली की हवेला लाटा येतात. सतरा मीटरवरून काढलेला फोटो मग कितीही महाग लेन्स असली तरी मऊ येतो, पापण्यांचे केस सुटे दिसत नाहीत. लोक लेन्स दुरुस्तीला नेतात, दोष हवेचा असतो. उन्हाळ्यात लांबचे फोटो सकाळी लवकर उरकावेत, उन्हे चढल्यावर सावलीत जाऊन ८५ लावावी. शटरचेही ध्यानात ठेवावे: स्थिरीकरण आपला हात सावरते, नवरीची हललेली मान सावरत नाही. २०० वर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा सावकाश जाऊ नये.

कोणी नव्याने सुरुवात करणारा विचारतो तेव्हा मी ८५ एफ १.८ सांगते. ती हलकी आहे, परवडते, आणि मुख्य म्हणजे दोन-अडीच मीटरवरून माणसाशी साध्या आवाजात बोलता येते. सतरा मीटरवरून ‘हनुवटी थोडी खाली’ हे ओरडून सांगावे लागते, आणि ओरडून सांगितलेले हसू फोटोत ओळखू येते. सत्तर-दोनशे एका हंगामासाठी भाड्याने घ्यावी, जोडप्याजवळ सांगायला एक जोडीदार उभा करावा, आणि पाठवणीचे, वरातीचे, मकबऱ्याचे किती फोटो तिच्यामुळे मिळाले ते अल्बम लावताना पाहूनच विकत घ्यायचे ठरवावे.