नोटपरीक्षण

चलनी नोट अस्सल आहे की बनावट, हे तिचा कागद, शाई, छपाई व क्रमांक यांवरून ठरविण्याची प्रक्रिया. नाण्याची पारख त्याचा कस व वजन पाहून करता येत असे. कागदी चलनाला अंगभूत मूल्य नसल्यामुळे त्याचा अस्सलपणा खुणांवरूनच ओळखावा लागतो. या खुणा ओळखण्याचा भार कोणी वाहावयाचा, हा नोटपरीक्षणाच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय.

आरंभी साधनांपेक्षा शिक्षेच्या धाकावर भर असे. चीनमध्ये मिंग राजवटीने १३७५ मध्ये काढलेल्या नोटांवरच बनावट करणाऱ्याचा शिरच्छेद होईल व खबर देणाऱ्यास चांदी मिळेल, असा मजकूर छापलेला होता. बँक ऑफ इंग्लंडने १६९७ पासून जलचिन्हांकित कागद वापरला. तथापि १७९७ मध्ये नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवून १ व २ पौंडांच्या नोटा काढल्यावर त्या प्रथमच सामान्य लोकांच्या हाती मोठ्या प्रमाणात आल्या. त्यांची छपाई साधी असल्याने नक्कल सोपी होती. १८२१ पर्यंत या गुन्ह्याखाली तीनशेहून अधिक जणांना फाशी देण्यात आले. नकली नोट नुसती जवळ बाळगणाऱ्यासही हद्दपारीची शिक्षा होई. जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराने १८१९ मध्ये फासावर लटकणाऱ्या माणसांचे चित्र असलेली उपरोधिक नोट काढून या अन्यायावर प्रहार केला. नोटांच्या बनावटीबद्दलची देहान्त शिक्षा १८३२ मध्ये रद्द झाली.

विसाव्या शतकात परीक्षणाची उपकरणे प्रचारात आली. जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांच्या दिव्याखाली नेहमीचा पांढरा कागद त्यातील शुभ्रताकारक द्रव्यांमुळे निळसर चमकतो; नोटेचा कापसाच्या तंतूंचा कागद मात्र निस्तेज राहतो व त्यातील विशिष्ट तंतू आणि क्रमांक तेवढे उजळतात. शाईतील चुंबकीय द्रव्ये व अवरक्त किरणांना शाईकडून मिळणारा प्रतिसाद हेही तपासले जातात. प्रत्येक कसोटी एकाच गुणधर्माची असते. कमी किमतीच्या अस्सल नोटेवरील शाई धुऊन तिच्यावर मोठी किंमत छापल्यास कागदाची कसोटी फसते. म्हणून आधुनिक यंत्रांत अनेक कसोट्या एकत्र योजतात.

यंत्राची मर्यादा पोर्तुगालमधील १९२५ च्या प्रकरणावरून कळते. आल्व्हेस रेइस याने बनावट करारपत्रांच्या आधारे, मध्यवर्ती बँकेच्या नोटा छापणाऱ्या लंडनमधील कंपनीकडूनच ५०० एस्कुदोंच्या नोटा छापून घेतल्या. कागद, शाई व छपाई अस्सलच होती; एकाच क्रमांकाच्या दोन नोटा सापडल्याने कारस्थान उघडकीस आले.

भारतात नाशिक येथे १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या. बँकेत बनावट ठरलेली नोट शिक्का मारून जप्त होते व आणणाऱ्यास पोच मिळते, मोबदला मिळत नाही. कायद्यानुसार नोट बनावट असल्याचे माहीत असून ती खपविणे हा गुन्हा आहे. अजाणता ती स्वीकारणारा गुन्हेगार ठरत नाही, पण नुकसान त्यालाच सोसावे लागते. यंत्र प्रायः बँकेत असते, तर नोट आठवडी बाजारात हस्तांतरित होते. त्यामुळे जलचिन्ह, सुरक्षा धागा व बोटांना जाणवणारी उठावदार छपाई या उपकरणाविना पारखता येणाऱ्या खुणांचे महत्त्व टिकून आहे.