हॉर्नबी वेलार्ड

हॉर्नबी वेलार्ड हा मुंबईतील महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खाडीचे मुख बंद करण्यासाठी अठराव्या शतकात घातलेला बांध होय. त्यावरील रस्ता आज लाला लजपतराय मार्ग म्हणून ओळखला जातो. ‘वेलार्ड’ हे कुंपण वा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचे बदललेले रूप आहे.

पार्श्वभूमी

मुंबई मुळात सात बेटांची. त्यांपैकी मुंबई व वरळी या बेटांमधील खिंडारास इंग्रज ‘ग्रेट ब्रीच’ म्हणत. भरतीचे पाणी येथून आत शिरून बेटांमधील सखल प्रदेश व्यापीत असे. ओहोटीनंतर चिखल व खाजण तेवढे मागे उरे. पाण्यातून चालत आलेले लोक जेथे पाय धूत, ती पायधुणी, असे सांगितले जाते. हे ठिकाण खिंडारापासून काही किलोमीटर आत आहे, यावरून त्या पाण्याचा पसारा ध्यानी यावा.

बांधकाम

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (कार्यकाळ १७७१–१७८४) यांच्या काळात, सामान्यतः १७८२ हे वर्ष दिले जाते, बांधाचे काम सुरू झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा खर्चास विरोध होता. त्यांनी धाडलेले बडतर्फीचे पत्र हॉर्नबींनी काम पुरे होईपर्यंत खिशातच ठेवले, ही कथा प्रसिद्ध असली तरी ती दंतकथाच मानावी.

दुसरी आख्यायिका पाठारे प्रभू समाजातील रामजी शिवजी यांची आहे. बांध वारंवार ढासळत असता देवीने त्यांना दृष्टान्त दिला. खाडीतून मूर्ती वर काढल्यावर बांध टिकला, असे भाविक मानतात. महालक्ष्मीचे सध्याचे मंदिर मात्र धाकजी दादाजी यांनी १८३१ मध्ये, म्हणजे बांधानंतर सुमारे अर्धशतकाने उभारले.

परिणाम

समुद्र अडला तरी जमीन लगेच मिळाली नाही. आतील दलदल ‘फ्लॅट्स’ नावाने दीर्घकाळ राहिली. ती बुजविण्यासाठी शहराचा केरकचराही वापरला गेला. कामाठीपुरा, ताडदेव व भायखळ्याच्या सखल भागांत वस्ती वाढली. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये याच पाणथळ जागेवर झाले.

भराव घालूनही यातील बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खालीच आहे. भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास पर्जन्यजल आपोआप समुद्रात जात नाही. ते हाजी अली व लव्हग्रोव्ह येथील उदंचन केंद्रांतून पंपाने बाहेर टाकावे लागते.