पानथरी, पंडुरोग आणि मजूर बाई

हिवताप म्हटला की कोयनेलची कडू पुडी आणि हुडहुडी आठवते. पण या रोगाचा मोठा भार गरोदर बाईवर पडतो, हे आम्हांस पुस्तकांच्या आधी हजेरीपटाने शिकवले. गरोदर मजुरणीचे खाडे वाढले, की मुकादम तिला आळशी ठरवून मोकळा होई. तिचे फिकट डोळे आणि डाव्या बरगडीखाली वाढलेली पानथरी कोणी पाहत नसे.

हिवतापाचा जंतू रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. त्यांचा निचरा करता करता पानथरी वाढते आणि चांगल्या पेशीही अडकवून ठेवते. गरोदरपणी जंतू वारेतही ठाण मांडतात. आईला पंडुरोग जडतो, मूल कमी वजनाचे जन्मते.

मुंबईत या प्रश्नाचा शोध दोन वाटांनी झाला. १९११ साली डॉ. बेंटली यांनी अहवालात दाखवले, की शहरातला हिवताप पसरवणारा डास विहिरी-टाक्यांत वाढतो. विहिरी झाका म्हणताच धर्माच्या नावाने विरोध उभा राहिला. पुढे १९२८ साली डॉ. लूसी विल्स हाफकिन संस्थेत आल्या. गिरणीतल्या व इतर गरीब गरोदर बायांमध्ये त्यांना एक घातक पंडुरोग दिसला. निकस आहार हे त्याचे कारण त्यांनी हेरले. यीस्टच्या स्वस्त अर्काने बाया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल, हे पुढे उमगले. हिवतापाने फुटलेले रक्त भरून काढायलाही हेच द्रव्य जास्त लागते. म्हणजे ताप आणि उपास एकाच बाईला दोन्हीकडून गाठतात.

त्याच सुमारास, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईपुरता होता.

आमच्या मालेगावच्या शिवारात निंदणीला जाणाऱ्या बाईला आज सरकारी दवाखान्यात लोहाच्या व फोलिक आम्लाच्या गोळ्या फुकट मिळतात. ही लहान गोष्ट नव्हे. पण रोजंदारीच्या शेतमजुरणीला बाळंतपणाची पगारी रजा अजून नाही. तपासणीला गेले तर रोज बुडतो, म्हणून ती जातच नाही. श्रोतेहो, रक्त कशाने भरते हे शास्त्राने केव्हाच सांगितले. तिचा बुडालेला रोज कोणी भरायचा, हे आपण ठरवायचे आहे.