सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण आणि ख्रिस्ती दृष्टिकोन

सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर शिक्षण ख्रिस्ती सेवाभावाच्या प्रेरणेने घेण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशन रुग्णालयांच्या कार्यातून विकसित झाली. महाराष्ट्रातील तिचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) हे दांपत्य. वेल्लोर येथे वैद्यकीय पदवी आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, संक्षेपाने एम.पी.एच.) घेऊन त्यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रुग्णाची सेवा हे ख्रिस्ती वैद्यकाचे जुने ध्येय होते. रोगी होण्यापूर्वीच माणसापर्यंत पोहोचणे, आणि तेही डॉक्टरऐवजी गावातील स्त्रियांच्या हातून, हा बदल या शिक्षणातून घडला.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकापासून भारतातील ख्रिस्ती वैद्यकीय कार्य प्रामुख्याने रुग्णालयांभोवती उभे राहिले. मिरज येथे डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय स्थापन केले व ते शल्यचिकित्सेसाठी दूरवर प्रसिद्ध झाले. तमिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये सुरू केलेल्या लहानशा दवाखान्यातून पुढे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उभे राहिले. तेथे १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि १९४७ पासून पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. स्कडर रस्त्याकडेच्या गावांत ठरावीक दिवशी जाऊन रुग्ण तपासत, त्यामुळे ग्रामीण सेवेचा संस्कार वेल्लोरच्या विद्यार्थ्यांवर प्रारंभापासून होता. तरीही खर्चाचा व मनुष्यबळाचा मोठा वाटा रुग्णालयाच्या भिंतींआडच राही.

या व्यवस्थेविषयीचा प्रश्न चर्चच्या वर्तुळातूनच पुढे आला. रुग्णालये चालवणे आणि समाजाला निरोगी करणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, याचा विचार जर्मनीतील ट्यूबिंगन येथे १९६४ मध्ये झालेल्या सल्लामसलतीत झाला. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये जिनिव्हा येथे ख्रिश्चन मेडिकल कमिशन नावाचा आयोग नेमला. चर्चशी संलग्न वैद्यकीय कार्याचा फार मोठा भाग केवळ उपचारात्मक आहे व तो थोड्याच लोकांपर्यंत पोहोचतो, असे आयोगाच्या निदर्शनास आले. परिणामी मिशन रुग्णालयांतील तरुण डॉक्टरांपुढे शल्यचिकित्सा वा प्रसूतिशास्त्रातील विशेष पदवीखेरीज साथरोगशास्त्र आणि आरोग्य नियोजन हा आणखी एक मार्ग खुला झाला.

वडाळा येथील अनुभव

रजनीकांत आरोळे यांचा जन्म अहमदनगर जिल्ह्यात, तर मेबल इमॅन्युएल यांचा जन्म जबलपूर येथे झाला. वेल्लोरला शिकत असताना दोघांचा परिचय झाला. १९६० मध्ये विवाह करताना त्यांनी ग्रामीण गरिबांसाठी आयुष्य वेचण्याचा निश्चय केला. त्यानंतर ते नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात रुजू झाले.

तेथे त्यांचे काम वैद्यकीयदृष्ट्या यशस्वी होते. रुग्णांची संख्या वाढत होती आणि शस्त्रक्रिया होत होत्या. मात्र बऱ्या झालेल्या मुलांना काही आठवड्यांनी तोच अतिसार, तेच कुपोषण घेऊन पुन्हा आणले जाई. धनुर्वात आणि बाळंतपणातील गुंतागुंतीचे रुग्ण उशिरा पोहोचत, कित्येक तर पोहोचतच नसत. रुग्णालयात येणाऱ्या आजारांपैकी बहुसंख्य आजार स्वच्छ पाणी, पुरेसे अन्न, लसीकरण व साधी माहिती यांनी टळण्याजोगे होते. चांगला डॉक्टर असणे येथे अपुरे पडत होते. गावाच्या आरोग्याचे मोजमाप व नियोजन कसे करावे हे वैद्यकीय महाविद्यालयाने शिकवलेले नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी दोघे अमेरिकेला गेले. वैद्यक व शल्यचिकित्सेचे पुढील प्रशिक्षण घेतल्यावर त्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एम.पी.एच. साठी प्रवेश घेतला.

जॉन्स हॉपकिन्स व कार्ल टेलर

एम.पी.एच. ही रुग्णावर उपचार करण्याचा परवाना देणारी पदवी नव्हे. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्यसेवांचे व्यवस्थापन व समाजवर्तन हे तिचे मुख्य विषय असतात. एखाद्या रोगाचे ‘एकक’ येथे रुग्णाऐवजी लोकसंख्या असते, आणि कोण आजारी पडले याइतकेच कोण दवाखान्यात आलेच नाही हेही विचारले जाते. सेवाभावाने प्रेरित झालेल्या विद्यार्थ्याला हा दुसरा प्रश्न अधिक अस्वस्थ करणारा ठरतो.

जॉन्स हॉपकिन्समधील आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाचे संस्थापक प्रा. कार्ल टेलर (१९१६–२०१०) यांची पार्श्वभूमी या संदर्भात महत्त्वाची आहे. त्यांचा जन्म मसुरीजवळील लंढौर येथे मिशनरी डॉक्टर दांपत्याच्या पोटी झाला होता व स्वतः त्यांनीही भारतात मिशन डॉक्टर म्हणून काम केले होते. पंजाबातील नारंगवाल येथे त्यांनी केलेल्या क्षेत्र-अभ्यासातून पोषण, संसर्गजन्य आजारांवरील उपचार व कुटुंबनियोजन यांचा परस्परसंबंध अभ्यासला गेला. आरोळे दांपत्याने आपल्या भावी प्रकल्पाचा आराखडा बाल्टिमोरमधील शिक्षणकाळातच तयार केला. पदवी ही नोकरीची पायरी न मानता ठरावीक भूभागासाठी केलेली पूर्वतयारी मानण्याची ही पद्धत विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

जामखेड

जामखेड तालुका मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असून अवर्षणप्रवण आहे. १९७० मध्ये स्थानिक पुढाऱ्यांच्या निमंत्रणावरून आरोळे तेथे आले व वापरात नसलेल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात काम सुरू झाले. पहिली दोन-तीन वर्षे दुष्काळाची होती. गावे औषधाच्या आधी अन्न आणि पाणी मागत होती, म्हणून प्रकल्पाने मुलांसाठी सामूहिक स्वयंपाकघरे व कूपनलिका यांना प्राधान्य दिले. काही गावांत कूपनलिका दलित वस्तीत घेण्यात आल्या; पाणी हवे असल्यास इतरांना तेथे यावे लागले. आरोग्याच्या अभ्यासक्रमात हा उपाय सहसा ‘पाणीपुरवठा’ या शीर्षकाखाली येतो, परंतु जामखेडमध्ये त्याचा परिणाम जातिव्यवस्थेवर अधिक झाला असे म्हणता येईल.

मूळ आराखड्यात गावोगावी परिचारिका नेमण्याची कल्पना होती. शहरात शिकलेल्या परिचारिका गावात एकट्या राहण्यास तयार नसत आणि गावकरीही त्यांचे ऐकत नसत. तेव्हा गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचे ठरले. निवडल्या गेलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेक निरक्षर होत्या आणि बऱ्याच दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत आणि शिकत. सुरक्षित बाळंतपण, मीठ-साखर-पाण्याचे द्रावण, मुलांचे वजन, लसीकरण, कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे हे त्यांच्या शिक्षणाचे विषय होते. कुष्ठरुग्णांना वेगळ्या वसाहतीत न पाठवता सर्वसाधारण सेवेतच सामावून घेतले गेले. पुरुषांसाठी शेतकरी मंडळे व स्त्रियांसाठी महिला मंडळे स्थापन झाली. गावाची पाहणी करून आकडे मांडण्याचे काम सेविका व मंडळेच करीत; बाल्टिमोरमध्ये शिकलेले साथरोगशास्त्र अशा रीतीने भिंतीवरील तक्त्यापर्यंत आले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार प्रारंभी या भागात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण ३० च्या खाली आले. याच काळात राज्यातील व देशातील दरही घटत असल्याने संपूर्ण घट प्रकल्पामुळे झाली असे मानता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात प्रकल्पातील गावांची सांगड आसपासच्या इतर गावांशी घालण्यात आली. एक महिना वयानंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पातील गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंबाबत मात्र तसा फरक दिसला नाही. स्वतःच्या कार्याच्या मूल्यमापनासाठी सार्वजनिक आरोग्यशास्त्र जी शिस्त मागते, तिचा हा नमुना आहे. नवजात मृत्यूंचा प्रश्न पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हाताळला. गांधीवादी प्रेरणेने काम करणाऱ्या या दांपत्यानेही जॉन्स हॉपकिन्समधूनच एम.पी.एच. पदवी घेऊन १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या घरगुती नवजात-सेवेच्या प्रयोगात नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विद्यापीठ तेच, पदवी तीच. प्रेरणा मात्र भिन्न.

श्रद्धा व शास्त्र यांचा संबंध

ख्रिस्ती दृष्टिकोनामुळे साथरोगशास्त्राच्या पद्धतीत काही फरक पडत नाही. नमुना कसा निवडावा वा मृत्युदर कसा काढावा याचे नियम श्रद्धेनुसार बदलत नसतात. फरक पडतो तो प्रश्नांच्या निवडीत: कोणत्या गावात जायचे, कोणाला आधी शोधायचे, सत्ता कोणाच्या हाती द्यायची. आरोळे दांपत्य श्रद्धावान ख्रिस्ती होते, आणि समाजाने दूर लोटलेल्यांना जवळ करण्याचा येशूचा आदर्श ही त्यांच्या कार्यामागील प्रेरणा होती. प्रकल्पाची सेवा मात्र कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस सारखीच उपलब्ध राहिली व धर्मांतर हा कामाचा भाग करण्यात आला नाही. भारतात मिशनरी सेवेकडे संशयाने पाहिले जाण्याची परंपरा जुनी असल्याने हा मुद्दा गौण नाही. बहुसंख्य हिंदू असलेल्या गावांनी प्रकल्प आपला मानला, त्यामागे ही मर्यादा पाळली जाणे हे एक कारण होते.

याच दृष्टिकोनाचे वेगळे रूप कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात आढळते. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या या विद्यापीठात १९६७ मध्ये सार्वजनिक आरोग्याची शाळा सुरू झाली. मद्य, तंबाखू वर्ज्य करणाऱ्या व मोठ्या प्रमाणात शाकाहारी असलेल्या पंथीयांचा दीर्घकालीन आरोग्य-अभ्यास तेथील संशोधकांनी केला. तेथे श्रद्धावान समाज अभ्यासाचा विषय झाला, तर जामखेडमध्ये श्रद्धा ही अभ्यासकाची प्रेरणा होती.

प्रभाव

ख्रिश्चन मेडिकल कमिशनच्या ‘कॉन्टॅक्ट’ या नियतकालिकातून जामखेडचा अनुभव इतर देशांत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या संग्रहात त्यावर एक प्रकरण होते. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेची जी संकल्पना स्वीकारली गेली, तिच्या पूर्वतयारीतील उदाहरणांपैकी जामखेड एक होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. भारत सरकारच्या १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत निवडलेले आरोग्यरक्षक बहुतांश पुरुष होते. स्त्री कार्यकर्तीवर आधारलेली ‘आशा’ योजना २००५ मध्ये आली.

शिक्षणाची सद्यस्थिती

आरोळे शिकत होते त्या काळी भारतात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण मुख्यतः डॉक्टरांपुरते मर्यादित होते. कोलकाता येथील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून पदविका देत असे व वैद्यकीय महाविद्यालयांत प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यक हा विषय होता. तिरुवनंतपुरम येथील अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये एम.पी.एच. सुरू केले. महाराष्ट्रात टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आदी ठिकाणी हा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध असून त्यास वैद्यकेतर पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. परदेशात जाणे आता अपरिहार्य राहिलेले नाही.

जामखेड येथे १९९२ मध्ये सामुदायिक आरोग्य व लोकसंख्या या विषयांच्या प्रशिक्षण व संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९४ मध्ये आरोळे दांपत्याने प्रकल्पाचा इतिहास इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. भारतातील व परदेशांतील डॉक्टर, परिचारिका व एम.पी.एच.चे विद्यार्थी या संस्थेत येतात. त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये ग्राम आरोग्य सेविकाही असतात, आणि त्यांपैकी काहींनी कधी शाळेची पायरी चढलेली नसते.