जुन्या ऑटोमॅटिक गाडीत गिअर उतरताना दणका बसतोय? गिअरबॉक्स उघडायला देण्याआधी हे तपासा

सिल्वासा : सिल्वासा, खानवेल, तलासरी, डहाणू, वापी या पट्ट्यात आता दहा-पंधरा वर्षे जुन्या ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच दिसतात. होंडा सिटी, सिव्हिक, ह्युंदाई आय-टेन, कोरोला, डिझायर. बऱ्याचशा मुंबई-सुरतकडून सेकंडहँड आलेल्या, आणि गिअरबॉक्सचे ऑइल शेवटचे कधी बदलले हे कोणालाच माहीत नाही. मग किलवणी नाक्यावर ब्रेक दाबून गाडी थांबत आली, की मागून कोणी ढकलल्यासारखा दणका बसतो. गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेले: "बॉक्स गेला, खोलावा लागेल."

कधी तो खरेच गेलेला असतो. पण बऱ्याचदा दोष बाहेरच असतो आणि जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च उगाच पदरात पडतो. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे न्यावी.

आधी एक खुलासा. वॅगन आर, सेलेरिओसारख्या गाड्यांत असते ते एएमटी, म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते. तिथला हलका हिसका हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे. सीव्हीटीमध्ये तर ठरावीक गिअरच नसतात. हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या चार-पाच गिअरच्या ऑटोमॅटिकबद्दल आहे. त्यात ऑइलच्या दाबावर क्लच प्लेटा धरतात आणि सुटतात. एक क्लच सुटण्याची आणि दुसरा धरण्याची वेळ जुळली तर गिअर बदललेला कळतही नाही. वेळ चुकली किंवा दाब जास्त झाला, की दणका.

दणका नेमका कधी बसतो?

मेकॅनिककडे जाण्याआधी दोन दिवस गाडी चालवून हे वहीत लिहून ठेवा. थांबत येताना, ताशी दहा-पंधराच्या वेगाला बसतो का? ओव्हरटेकसाठी एक्सिलेटर दाबल्यावर बसतो का? सकाळी थंड गाडीत, की वापीच्या ट्रॅफिकमधून तापून आल्यावर? एसी चालू असताना जास्त का? एवढ्या चार उत्तरांनी निम्मे निदान होते. फक्त "झटका मारते" म्हणालात तर मेकॅनिक तरी काय करणार?

थांबताना दणका आणि शिवाय पार्कमधून डी किंवा आरमध्ये टाकतानाही दणका, असे असेल तर पहिला संशय इंजिनाच्या फाउंडेशनवर, म्हणजे माउंटिंगच्या रबरावर घ्या. रबर फाटले की गिअर नीट पडला तरी इंजिन मागेपुढे आपटते. तपासणी सोपी आहे. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि दुसऱ्याला बाजूला उभे राहून बघायला सांगा. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहायचे नाही. डीमधून आर, आरमधून डी करा. इंजिन थोडे हलणारच, पण उडी मारल्यासारखे उचलले जात असेल तर आधी फाउंडेशन बदला. ड्राइव्हशाफ्टचे सांधे ढिले असले तरी असाच 'टक्' आवाज येतो.

दुसरी गोष्ट आयडलिंग. गरम इंजिन बहुतेक पेट्रोल गाड्यांत ७०० ते ८०० आरपीएमच्या आसपास स्थिरावते. ते हजार-बाराशेवर अडकले असेल तर पहिला गिअर पडताना इंजिन गाडीला ढकलतेच. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन किंवा कुठे तरी फाटलेला व्हॅक्यूम पाइप, ही त्याची नेहमीची कारणे.

ऑइल : सगळ्यात जास्त गोंधळ इथे

ऑटोमॅटिकचे ऑइल मोजायची रीत गाडीगणिक वेगळी आहे, आणि इथेच घोळ होतो. होंडात गाडी गरम करून, सपाट जागी इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत गेज बघायचे. जुन्या ह्युंदाईसह इतर बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर एकदा फिरवून मग बघायचे. टोयोटाच्या काही गाड्यांना गेजच नसते, ठरावीक तापमानाला खालच्या बोल्टातून पातळी तपासतात. रीत चुकली तर ऑइल कमी-जास्त भरले जाते. जास्त भरणेही वाईट, कारण फेस होतो आणि दाब डळमळतो.

पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा झिजायला लागल्यात. गुलाबी, दुधासारखे दिसले तर गाडी तिथेच थांबवा. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून पाणी मिसळले असेल किंवा पुराच्या पाण्यातून गाडी काढताना आत पाणी गेले असेल. आपल्याकडचा पाऊस बघता हा प्रश्न नवलाचा नाही. असे ऑइल घेऊन खानवेलपर्यंत जरी गाडी चालवली तरी क्लच प्लेटांचे अस्तर सुटू शकते.

ऑइल कोणते, हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. होंडाला डीडब्ल्यू-१, जुन्या ह्युंदाईला एसपी-३, टोयोटाला मॉडेलप्रमाणे टी-४ किंवा डब्ल्यूएस. "लाल ते सगळे एकच" असे म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. ऑइलमधली घर्षणाची रसायने वेगवेगळी असतात आणि चुकीच्या ऑइलने चांगला बॉक्सही हिसके देतो.

एकदा ड्रेन केल्यावर सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून थोडे चालवून दोन-तीनदा ड्रेन करून भरणे हा बरा मार्ग. वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या बॉक्सला मशीनने जोराचा फ्लश मारायला आमची तरी पसंती नाही. तळाचे चेंबर काढलेच तर चुंबक बघा. बारीक करडा लेप चालतो, धातूचे तुकडे चालत नाहीत.

वायर, सेन्सर आणि स्कॅनर

गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला इंजिनावर किती भार आहे हे थ्रॉटल सेन्सर सांगतो. तो झिजला आणि उगाच "पाय जोरात दाबलाय" असे सांगू लागला, तर कॉम्प्युटर दाब वाढवतो. नव्वदच्या दशकातल्या काही गाड्यांत हेच काम केबल करते, आणि ती जास्त ताणली गेली तरी गिअर उशिरा व जोरात पडतात. वेग मोजणारे सेन्सर आणि सोलेनॉइडची वायर यांचेही तसेच. मोठी गडबड दिसली की कॉम्प्युटर बॉक्सला एकाच गिअरमध्ये अडकवतो आणि क्लच घसरून जळू नये म्हणून दाब पूर्ण ठेवतो. म्हणजे गंजलेला एक कनेक्टरसुद्धा 'बॉक्स गेला' असे भासवू शकतो. पावसाळ्यानंतर दणके सुरू झाले असतील तर आधी कनेक्टर उघडून बघा, बॅटरीची अर्थिंगही.

होंडात डीचा दिवा लुकलुकत असेल तर कोड साठलेला आहे. स्कॅनरवर फक्त पी ०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच, की खरा कोड गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. मोबाइलला जोडायची स्वस्त यंत्रे बहुधा तिथपर्यंत पोचत नाहीत. तो आतला कोड लिहून घेतल्याशिवाय बॉक्स उतरवायला हो म्हणू नका. नुकतीच बॅटरी बदलली असेल तर मात्र थोडे थांबा. काही गाड्यांची शिकलेली सेटिंग पुसली जातात आणि काही दिवस चालवल्यावर जुळतात.

हे सगळे ठीक असूनही गाडी तापल्यावरच दणके येत असतील, तर संशय व्हॉल्व्ह बॉडी आणि सोलेनॉइडवर. बऱ्याच गाड्यांत ते बॉक्स न उतरवता बदलता येतात, हे विचारून घ्या. जळका वास, धातूचे तुकडे आणि रेस वाढूनही गाडी न ओढणे, ही तिन्ही एकत्र दिसली तर रीबिल्डला पर्याय नाही.

दुधनीच्या बाजूला उतारावर होंडा स्वतःहून खालचा गिअर टाकते, तो बिघाड नव्हे. लिव्हरने २ किंवा एल टाकायचा असेल तर आधी ब्रेकने वेग कमी करा. ओल्या उतारावर जोराचा डाउनशिफ्ट पुढची चाके घसरवू शकतो, त्यामुळे दणके मोठे असतील तर दुरुस्तीपर्यंत पावसात घाटाचा रस्ता टाळलेला बरा.

गाडी बंद पडलीच तर पुढची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नका, फ्लॅटबेड मागवा. इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. जुनी ऑटोमॅटिक विकत घेणाऱ्यांनी वीस मिनिटे चालवून, पूर्ण गरम करून, हळूहळू ब्रेक दाबत दहा वेळा थांबवून बघावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी बघायला जा.