नवोदयचा फॉर्म मुलीसाठीही भरा: पाचवीच्या पालकांसाठी माहिती

दरवर्षी पाचवीच्या वर्गात नवोदयची गोष्ट निघाली की मुलांचे पालक लगेच कागदपत्रं विचारतात. मुलींचे पालक मात्र म्हणतात, "सर, एवढ्या लांब, तेही मुलांच्या शाळेत, कसं पाठवणार?" काळजी खरी आहे. पण ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. म्हणून नकार देण्याआधी शाळेची माहिती तरी घ्यावी.

शाळा कशी आहे?

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना आली. सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक आपल्या महाराष्ट्रात, अमरावतीला, तर दुसरी हरियाणातल्या झज्जरला उघडली. नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुक्यातल्या श्रावणी इथे नवोदय आहे. सहावी ते बारावी, सीबीएसई अभ्यासक्रम आणि राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववी ते बारावीत विकास निधीपोटी दरमहा 600 रुपये घेतले जातात, पण मुलींना ते माफ आहेत.

निवड कशी होते?

सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतली जातात. किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि किमान एक तृतीयांश, म्हणजे 80 पैकी सुमारे 27 जागा मुलींसाठी. धर्मावर आरक्षण नाही. मात्र अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि केंद्राच्या यादीतल्या ओबीसींना आहे. खानदेशातली तडवी भिल्ल मुस्लिम कुटुंबं अनुसूचित जमातीत येतात, त्यांनी दाखला तयार ठेवावा.

पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न आणि 100 गुण. बुद्धिमत्ता 50 गुण, अंकगणित 25, भाषा 25. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महाराष्ट्रात मराठीबरोबर उर्दूतूनही पेपर देता येतो, त्यामुळे उर्दू शाळेतल्या मुलीने "आपल्याला जमणार नाही" असं समजू नये. मुलगी त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असली पाहिजे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते.

सहशिक्षणाचा प्रश्न

आपल्या अनेक पालकांना मुलींची वेगळी शाळा हवी असते. इंग्लंडमध्ये अशा शाळा आहेत. तिथल्या 163 सरकारी ग्रामर स्कूल 11 व्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडतात. केंटमधली टनब्रिज ग्रामर स्कूल ही मुलींची शाळा आहे, पण शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या टप्प्यावर, तिथे मुलांनाही प्रवेश मिळतो.

आपल्याकडेही मुलींच्या शाळेतून दहावी झाल्यावर बहुतेक वेळा अकरावीला मुलामुलींचं एकत्र कॉलेजच समोर येतं. फरक एवढाच, की तिथे शाळा तीच राहते, शिक्षक ओळखीचे असतात. आपल्या मुलीपुढे नवं गाव, नवी भाषा, रोजचा बसप्रवास आणि सहशिक्षण हे सगळं एकदम येतं. अनेक हुशार मुलींचं शिक्षण तिथेच थांबतं. नवोदयमध्ये वर्ग एकत्र असले तरी वसतिगृहं वेगळी असतात, आणि दहावीनंतर शाळा बदलावी लागत नाही.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. नववीत काही मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवलं जातं. घरात हे आधी बोलून ठेवलेलं बरं.

आता काय करायचं?

आधार कार्ड आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव आणि जन्मतारीख जुळते का, ते आजच बघा. आमच्याकडे "शेख" आणि "शैख" एवढ्यावरूनही धावपळ होते. फॉर्म ऑनलाइन आणि मोफत आहे. रोज अर्धा तास बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घ्या. सहावीची संधी गेली तर नववी आणि अकरावीतल्या रिकाम्या जागाही वेगळ्या निवडीतून भरतात, पण त्या थोड्याच असतात.

निवड झाल्यावर पाठवायचं की नाही, हे घरात बसून ठरवा. शाळा बघून या, मुलीलाही विचारा. पण फॉर्मच भरला नाही, तर ठरवायला काही उरतच नाही.