परवाना कोणाच्या हाती, संघटना कोणाची?

दलित अत्याचाराची बातमी आली की औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, माझे काही विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत दलितांना शस्त्रपरवाना देण्याची तरतूद आहे; मग तो मिळविण्यासाठी कोणत्या संघटनेत जावे? परवान्याचे नियम सर्वांसाठीच सैल करा म्हणणाऱ्या बंदूकधारकांच्या संघटनेत, की आपल्या चळवळीतल्या एखाद्या दलात वा सेनेत? हा प्रश्न भाबडा नाही. ज्याच्या वस्तीला आग लागू शकते त्यालाच तो पडतो. म्हणून त्याचे उत्तर घोषणेत न शोधता इतिहासात शोधले पाहिजे.

दलितांच्या हाती शस्त्र नव्हते असे सरसकट म्हणणे खरे नाही. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८च्या लढाईत महार शिपाई लढले, हे तिथल्या स्तंभावरील नावेच सांगतात. पण हे शस्त्र सरकारचे होते. सरकारने दिले आणि सरकारनेच काढून घेतले. १८९२च्या सुमारास ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची लष्करभरती थांबविण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७मध्ये, महारांची पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१मध्ये मोडली. पुढे १९४१मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे. दुसऱ्याच्या सोयीने हाती आलेले शस्त्र दुसऱ्याच्या सोयीनेच जाते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

इकडे १८७८च्या शस्त्र कायद्याने साऱ्या देशालाच परवान्याखाली आणले. राष्ट्रीय सभेने त्याला विरोध केला आणि १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला देऊ केला. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला इंग्रजांच्या कायद्याआधीच जातीच्या कायद्याने निःशस्त्र केले होते, हे त्या विरोधात कुठे दिसत नाही. ते बाबासाहेबांनी १९३६च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात मांडले. शूद्रातिशूद्रांनी बंड का केले नाही, याचे उत्तर ते शस्त्रबंदीत आणि ज्ञानबंदीत शोधतात.

त्याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांची शस्त्राचा मूलभूत हक्क मागणारी सूचना नाकारली. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती हत्यारे निर्बंधाशिवाय विकत घेता आली, तर राज्यकारभार चालेल कसा, असा त्यांचा सवाल होता. यात विसंगती दिसते ती वरवरची. जातीमुळे कोणाला निःशस्त्र करू नये, ही एक गोष्ट. बाजारातल्या बंदुकीवर समाजाचे संरक्षण सोपवावे, ही दुसरी. बाजारात बंदूक जमीनवाल्यालाच आधी परवडते. शेतमजुराच्या वाट्याला हक्क येईल तो कागदावर, आणि पाटलाच्या वाट्याला येईल तो खांद्यावर. महाडच्या १९२७च्या सत्याग्रहाच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाचे बळ बंदुकीत नव्हते. ते शिस्तीत आणि संख्येत होते.

मराठवाड्यापुढे हा पेच आणखी तीव्रपणे आला. निजामी राजवटीत कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने दलितांची परिषद भरली आणि इथला दलित संघटित बोलू लागला. पुढे दहा वर्षांच्या आत रझाकारांच्या हातात हत्यारे आली आणि दलितांना आपल्या बाजूला ओढण्याची चढाओढ लागली. नोव्हेंबर १९४७मध्ये बाबासाहेबांनी हैदराबाद संस्थानातील दलितांना निजामाच्या बाजूने जाऊ नका असे बजावले. दुसऱ्याच्या सशस्त्र दलात शिरून स्वतःचे रक्षण होत नाही, उलट त्याच्या पापाचे वाटेकरी व्हावे लागते, हे सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर लक्षात यायला वेळ लागला नाही.

औरंगाबादेत जन्मलेल्या बी. श्यामसुंदर यांनी १९६८मध्ये गुलबर्ग्याला भीमसेना काढली, ती स्वसंरक्षणाच्या भूमिकेतून. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोन्हींनी अत्याचार करणाऱ्याच्या मनात प्रथमच धाक निर्माण केला. पण २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांच्याजवळ कोणते दल होते? मोर्चे शहरात निघत होते आणि माणसे गावात एकटी पडत होती. रिपब्लिकन पक्ष स्थापनेनंतर दोनच वर्षांत, १९५९मध्ये, फुटला होता. पँथर १९७४मध्ये फुटली. फुटीची किंमत नेत्यांपेक्षा गावच्या माणसाने अधिक मोजली.

पँथर हे नाव ज्यांच्यावरून आले, त्या अमेरिकी काळ्यांचा अनुभवही इथे पाहावा. नॉर्थ कॅरोलिनातील मन्रो गावच्या रॉबर्ट विल्यम्स यांनी तिथल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची सनद घेऊन काळ्यांचे रायफल मंडळ काढले. १९६४मध्ये लुईझियानातील जोन्सबरो येथे ‘डीकन्स’ या काळ्या संघटनेने नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांचे सशस्त्र संरक्षण केले. परंतु ब्लॅक पँथर कॅलिफोर्नियात उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा १९६७मध्ये त्या राज्याने भरलेली बंदूक जाहीरपणे बाळगण्यावर बंदी घातली. गव्हर्नर रीगन यांनी सही केली आणि बंदुकीच्या हक्काचा झेंडा मिरविणाऱ्या त्याच रायफल संघटनेने या कायद्याला पाठिंबा दिला. ‘सर्वांचा हक्क’ म्हणणारी संघटना सर्वांत तळाच्या माणसाने तो हक्क वापरल्यावर कुठे उभी राहते, हीच तिची कसोटी.

आता आपला कायदा पाहू. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५च्या नियमांत, अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने देण्याची तरतूद नियम ३मध्ये आहे. पण त्याच नियमात तिच्याआधी दुसरे कलम आहे: अशा भागातील दलित-आदिवासी नसलेल्यांचे परवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. तरुण पहिल्या तरतुदीविषयी विचारतात. दुसरीविषयी विचारणारा मला क्वचितच भेटतो. वास्तविक दुसरी अधिक क्रांतिकारक आहे. तिच्यात पीडिताला पैसा लागत नाही, नेमबाजी यावी लागत नाही आणि संरक्षण एका घरापुरते राहत नाही, ते साऱ्या वस्तीला मिळते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याआधी त्याच महिन्यात त्यांच्या आप्ताला मारहाण झाली होती आणि सुरेखा व प्रियंका या मायलेकी त्याच्या साक्षीदार होत्या. राग कोणाचा आहे हे ठाऊक होते; नियमही अकरा वर्षांचा जुना होता. वेळीच उपाय योजायला लावणारी माणसे मात्र तिथे नव्हती.

म्हणून संघटना निवडताना मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. ती आपल्या परवान्याबरोबर, किंबहुना त्याआधी, हल्लेखोराचा परवाना रद्द करा असे जिल्हाधिकाऱ्याला लेखी मागते काय? फिर्याद नोंदवून साक्षी होईपर्यंत ती गावात जाते काय? आणि वस्तीतल्या बाईला तिच्यात बोलायला जागा आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर तिचे नाव आणि झेंडा कोणताही असो, तिच्यात जावे. नसेल तर ती बंदूकधारकांची असो की आपल्याच सेनेची, तिथे गर्दी वाढवू नये.

याचा अर्थ परवाना मागूच नये असा नाही. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने अवश्य मागावा. शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हे १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १४मध्ये लिहिले आहे. नाकारल्यास अपीलही करता येते. स्वसंरक्षणाचा हक्क तर परवान्याविना प्रत्येकाचा आहे. परंतु एका घरातली बंदूक बहिष्कार उठवू शकत नाही, मजुरी मिळवून देऊ शकत नाही, विहीर खुली करू शकत नाही. ते काम रात्री हाक मारताच येणाऱ्या माणसांचे असते. अशी माणसे गावोगाव उभी करणे ही संघटनेची कसोटी आहे, आणि मराठवाड्यात ते काम अजून अपुरे आहे.